दोनदा पाहिलेली फिल्म

"आवाज बंद कर, पिराजी."

प्रोजेक्टरमागून पिराजीने मान बाहेर काढली. "बंद? सगळाच?"

"सगळाच. आणि परत परत विचारू नकोस."

"न्हाई, म्हंजे मास्तर, बोलका पिक्चर हाय. पोरानं आवाज भरलाय त्यात."

"आठ वर्षं झाली तुला आमच्याकडे रिळं फिरवायला. अजून पद्धत कळली नाही? पहिल्यांदा नुसतं चित्र. दुसऱ्यांदा नुसता आवाज. कर बंद."

पिराजीने बटण पिळलं आणि पुटपुटला, "जेवायला बसायचं आन् भात एका दिशी, आमटी दुसऱ्या दिशी." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रोजेक्टर फिरवणाऱ्या माणसाशी सिनेमावर वाद घालण्याइतकी माझी पातळी घसरली नव्हती.

सत्याऐंशी सालचा डिसेंबर होता. सांगलीतल्या एका शाळेचा चित्रकलेचा हॉल, खिडक्यांना घोंगड्या ठोकून काळोख केलेला. आमच्या फिल्म सोसायटीचे दीडशे सभासद होते, त्यातले एकशे चाळीस परदेशी सिनेमात काहीतरी बघायला मिळेल म्हणून आलेले. नाही मिळालं की मध्यंतरातच वडापाव खाऊन घरी जायचे. कॉलेजात इंग्रजी शिकवणारा मी, प्राध्यापक रिसबूड, सोसायटीचा चिटणीस होतो. चित्रपट कसा बघावा हे या जिल्ह्यात फक्त मला कळतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी पुण्याला दीड महिन्याचं शिबिर करून आलो होतो. तिथे एका तज्ज्ञाने सांगितलं होतं की चित्र आणि आवाज एकमेकांची लबाडी झाकतात, म्हणून त्यांना वेगळं करून तपासावं. मला ते इतकं पटलं की मी त्याचा नियमच करून टाकला. त्याने पुढे आणखीही काही सांगितलं असेल. मी तेवढंच लिहून घेतलं होतं.

त्या वर्षी पुण्याच्या लघुपट महोत्सवाला आमच्या जिल्ह्यातून एक फिल्म जायची होती, आणि ती आमच्या समितीने निवडायची होती. समितीत माझ्याखेरीज दोघे. एक दातांचे डॉक्टर, ते पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागायचे. दुसरे छापखान्याचे मालक, ते मी लिहीन त्यावर सही करायचे. म्हणजे समिती मीच होतो.

फिल्मचं नाव होतं 'केसभर'. कृष्णधवल, बारा मिनिटांची. करणारा मुनीर सतारमेकर, मिरजेचा. तिथल्या तंतुवाद्यं बनवणाऱ्या गल्लीतला. लग्नाचे फोटो काढायचा. पुण्याच्या कुठल्याशा कॅमेरामनने जुना कॅमेरा आणि उरलीसुरली रिळं दिली होती, त्यावर यांनी सिनेमा काढला. लग्नात वरमाईला 'जरा हसा' म्हणणाऱ्यांना आता दिग्दर्शनाची शिंगं फुटायला लागली, असं मी छापखानेवाल्यांना म्हणालोसुद्धा. ते हसले. ते नेहमीच हसायचे.

चित्र मी नीट बघितलं. एक म्हातारा कारागीर तंबोरा तयार करतोय. खिडकीतून येणारा एकच उजेड. चेहऱ्याची अर्धी बाजू काळोखात. काळ्या फडक्यावर घोडी ठेवलेली. घोडी म्हणजे ज्यावरून तारा जातात तो हाडाचा तुकडा. म्हातारा त्यावर कानस फिरवतो, पांढरा भुसा काळ्या फडक्यावर पडत राहतो. केसभर जास्त घासली गेली तर तंबोरा बिघडला, केसभर कमी पडली तर तो बोलतच नाही. त्या घासण्याला जवारी काढणं म्हणतात. मग म्हातारा तंबोरा उभा धरतो, तार छेडतो आणि दांडीला तोंड लावतो. परत खाली ठेवतो, घासतो, परत उभा धरतो, परत तोंड लावतो.

माझ्याजवळ कागदांचे दोन गठ्ठे असायचे. पहिल्यावर मी मिनिटा-सेकंदासकट लिहिलं: 'दोन मिनिटं दहा सेकंद: वाद्याचं चुंबन. दोन पंचावन्न: तंबोरा खाली ठेवतो. चार चाळीस: पुन्हा चुंबन. सहा पाच: पुन्हा. भावुकपणाचा कळस. छायाप्रकाश बरा, पण तो दिग्दर्शकाचा नसून खिडकीचा आहे.'

हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याच्याखाली रेघ मारली.

बाहेर पायरीवर मुनीर बसला होता. तीस-बत्तीसचा, किडकिडीत, इस्त्री केलेला पांढरा शर्ट. मला बघून उठला.

"सर, कशी वाटली?"

"दिग्दर्शकाने निकालाआधी समितीशी बोलायचं नसतं. फिल्मने बोलायचं."

"हो सर. तेवढंच म्हणायचं होतं... आवाज बंद ठेवून बघितलीत असं पिराजीमामा म्हणाले."

"उद्या आवाज ऐकणार आहे."

"चित्र-आवाज एकत्र नाही बघणार?"

"मुनीर," मी म्हणालो, "जेवण कसं करायचं हे आचाऱ्याने सांगू नये."

तो हळूच म्हणाला, "सर, पुण्याला तो महोत्सव बघायला गाणारी-वाजवणारी मंडळीही येतात. माझ्या अब्बांकडे आधी सगळं पुणं यायचं तंबोऱ्याला. दोन वर्षं झाली, एक माणूस येत नाही. अब्बांबद्दल कुणीतरी काहीबाही उठवलंय. ही फिल्म त्या लोकांनी बघितली तर येतील परत. म्हणून काढलीय मी. नाव कमवायला नाही."

"काय उठवलंय?"

"ते फिल्ममध्येच आहे सर. एकदा फक्त सबंध बघा."

मला संताप आला. कला म्हणजे दुकानाची पाटी आहे का? बापाचा धंदा चालावा म्हणून सिनेमा! मी त्याला हेच ऐकवलं, आणखी दोन-चार इंग्रजी शब्द घालून. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी "बरं सर" म्हणाला आणि सायकल काढून गेला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसलो. समोरच्या भिंतीवर पोरांनी काढलेली आंबे-केळी टांगलेली होती. मी डोळे मिटले. पिराजीने रीळ सुरू केलं.

सुरुवातीला ठीक होतं. गल्लीतला आवाज, सायकलची घंटी, कुठेतरी रंधा चाललेला. मग एकाएकी सगळं बंद. शुकशुकाट. मला वाटलं, पिराजीने परत बटण पिळलं.

"पिराजी!"

"म्या हात बी लावला न्हाई मास्तर. फिलिमच तशी हाय."

मग त्या शांततेतून एक जाड, घुमणारा, दबलेला आवाज उठला. उशीत तोंड खुपसून कुणी गुणगुणावं तसा. त्यात मधेच करकर. आला तसा तुटला. परत शांतता. परत तोच घुमारा. तंबोऱ्याचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो, तो सबंध बारा मिनिटांत एकदाही नाही.

"मास्तर," पिराजी मागून म्हणाला, "जरा वळून बघा की. त्यो म्हातारा काय करायलाय बघा तरी."

"तू रीळ सांभाळ."

"न्हाई, म्हंजे आवाज कवा येतुया आन् कवा जातुया..."

"पिराजी, गप्प बस!"

मी दुसऱ्या गठ्ठ्यावर लिहिलं: 'दोन दहा: घुमारा. मायक्रोफोन गोधडीत गुंडाळला होता काय? दोन पंचावन्न: ध्वनी गायब. चार चाळीस: पुन्हा घुमारा. सहा पाच: तेच.' आणि दोन्ही गठ्ठे मी रबर लावून बॅगेत ठेवले. एकावर एक.

निकाल लिहायला मला वीस मिनिटं लागली. छापखानेवाल्यांच्या भाच्याने कृष्णेच्या घाटांवर एक फिल्म केली होती. तिच्यात काही नव्हतं. घाट होते, पाणी होतं, बासरी होती. पण आवाज स्वच्छ होता. मी तिची शिफारस लिहिली, 'केसभर'ची चिरफाड लिहिली, दोघांनी सह्या ठोकल्या आणि लिफाफा बंद झाला. रविवारी मिरजेत जाहीर खेळ होता. आमच्याकडे प्रथा अशी की आधी लोकांना फिल्म दाखवायच्या, मग मी त्यांचं विश्लेषण करायचं आणि निकाल सांगायचा. लिफाफा मी मिरज स्टेशनवरच्या पेटीत टाकणार होतो. पुण्याची डाक तिथून संध्याकाळी निघायची, आणि सोमवारी निकाल पोचायलाच हवा होता.

रविवारी दुपारी हॉल भरला. सगळी सतारमेकर गल्ली लोटली होती. पहिल्या रांगेत मुनीर, आणि त्याच्याशेजारी त्याचे वडील, फिल्ममधले तेच म्हातारे, दस्तगीरसाब. पांढरा कुडता, जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा. म्हातारा लग्नाला आल्यासारखा नटला होता.

खेळ चालू असताना मी कधीच आत बसत नसे. लोकांच्या चुकचुकण्याने माझ्या निर्णयावर परिणाम होतो असं माझं मत होतं. मी व्हरांड्यात चहा पीत उभा राहिलो. आतून टाळ्यांचा आवाज आला, आणि बराच वेळ थांबेना. मिरजेच्या लोकांना टाळ्या वाजवायला काय लागतं, असं मी मनात म्हणालो आणि कप खाली ठेवून आत गेलो.

पंचवीस मिनिटं बोललो. हातात कागद न घेता. काळ्या रंगाच्या छटा सांगितल्या, उजेड सांगितला, ते खिडकीचं वाक्य टाकलं. वाद्याचे मुके घेण्याची खिल्ली उडवली. मग आवाजावर आलो.

"आणि ध्वनी! मंडळी, गावातला सगळ्यात सुरेल धंदा पडद्यावर आणि ध्वनीची ही दशा. कधी येतो, कधी जातो. येतो तेव्हा विहिरीतून आल्यासारखा. मला विचाराल तर हे ध्वनिमुद्रण एखाद्या बहिऱ्या माणसाने केलं असावं."

इथे हशा पिकायला हवा होता. कॉलेजात अशा वाक्याला हमखास पिकायचा. हॉलमध्ये कुणी हललं नाही. तीनशे माणसं माझ्याकडे नुसती बघत राहिली. मागच्या दाराशी उभा असलेला पिराजी तोंडात पान असूनही चावायचा थांबला. गाढवापुढे वाचली गीता, मी मनात म्हटलं, आणि निकाल वाचून खाली उतरलो.

एकटे दस्तगीरसाब हसत होते. सबंध भाषणभर हसत होते. मी खाली आलो तसे पुढे झाले, माझे दोन्ही हात धरले आणि भलत्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "लई बोलला सर! एवढा वेळ माझ्या पोराच्या फिल्मवर बोलला! आता घरी चहा घेतल्याबिगर सोडत न्हाई."

मी मुनीरकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक होता. तरी तो म्हणाला, "चला सर. अब्बांचं मन मोडू नका. द्या ती बॅग इकडं."

माझी बॅग त्याने सायकलच्या हँडलला अडकवली. आम्ही तिघे चालत निघालो. रस्ताभर दस्तगीरसाब बोलत होते आणि मी 'हो, हो' करत होतो.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. आढ्याला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात दांड्यांचा ढीग, आणि फिल्ममधली ती खिडकी. मी घडवंचीवर बसलो. चहा आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "किती वर्षं झाली या कामाला?"

दस्तगीरसाब बशीत चहा ओतत राहिले. मी परत विचारलं. त्यांनी बशी तोंडाला लावली. मुनीरने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी वर बघितलं. मुनीरने हवेत बोटांनी काहीतरी विचारलं.

"पंचावन्न!" म्हातारा ओरडला. "पंचावन्न साल!"

मी कप खाली ठेवला.

"चार वर्षं झाली," मुनीर माझ्याकडे न बघता म्हणाला. "आधी डावा कान, मग उजवा. हेच उठलंय पुण्यात, की दस्तगीर बहिरा झाला, आता त्याच्या तंबोऱ्यात काही राम नाही. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. हॉलमध्येही सगळ्यांना माहीत होतं."

"आणि त्यांना... मी जे बोललो ते?"

"अब्बांनी विचारलं, काय म्हणाले सर. मी खुणेनं सांगितलं, चांगलं म्हणाले."

दस्तगीरसाब आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना वाटलं, फिल्मबद्दलच चाललंय. त्यांनी भिंतीशी टेकवलेला एक तंबोरा उचलला आणि माझ्यासमोर उभा धरला.

"सर, कान बंद करा. बोटं घाला. घट्ट!"

मी बोटं घातली.

"आता दात टेका इथं, दांडीवर. लाजू नका हो. पोरगं पण लाजलं होतं पहिल्यांदा."

मी वाकलो आणि दांडीला दात टेकले. त्यांनी तार छेडली.

तोच आवाज! जाड, दबलेला, माझ्या कवटीत घुमणारा, मधेच तारेची ती करकर. गोधडीतला. विहिरीतला. मी दात बाजूला घेतले, आणि सगळं बंद झालं. शुकशुकाट. परत टेकले, परत आला. तीनदा केलं मी तसं. म्हातारा हसत होता.

मी कानांतून बोटं काढली तेव्हा ते म्हणत होते, "मी असा ऐकतो. कान गेले, हाड गेलं न्हाई. जवारी हाडावरच काढायची असते, मग हाडानं ऐकली तर काय बिघडलं? मुनीरनं माइक भोपळ्याच्या आत बांधला. म्हणला, अब्बा, तुमी ऐकताय तेच लोकांना ऐकवतो, तुमी काम करताना बघू दे आन् ऐकू दे. मग कोण म्हणंल दस्तगीर बहिरा? लावा सर, गवयाला बोलवा, कुठला बी तंबोरा लावून बघा माझा!"

मी चष्म्याचं घर शोधायच्या निमित्ताने बॅग जवळ ओढली. दोन्ही गठ्ठे काढले आणि रबर सोडून, आयुष्यात पहिल्यांदा, शेजारी शेजारी ठेवले. दोन दहा: चुंबन. दोन दहा: घुमारा. दोन पंचावन्न: तंबोरा खाली ठेवतो. दोन पंचावन्न: ध्वनी गायब. चार चाळीस, चार चाळीस. सहा पाच, सहा पाच. शाळेतल्या पोराला दिसलं असतं. पिराजीला दिसलं होतं, तेही एकदा बघून.

आणि त्याच बॅगेच्या कप्प्यात तो लिफाफा होता.

मी उठलो. दस्तगीरसाबांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. म्हणाले, "पुण्याला फिल्म गेली की सांगा सर. मी पण येतो. नवा कुडता शिवतो." निकाल मी हॉलमध्ये वाचला होता, पण तोही त्यांना कुणी सांगितला नव्हता.

मुनीर गल्लीच्या तोंडापर्यंत आला. बॅग परत त्याच्या सायकलला. तिथे तो थांबला.

"सर, डाक पाचची आहे. लिफाफा अजून टाकला नाही ना?"

एवढंच विचारलं. रागावला नाही, रडला नाही. मी त्याच्यावर थुंकलो असतो तरी तो एवढंच विचारत उभा राहिला असता, कारण त्याला बापासाठी तो लिफाफा थांबवायचा होता.

आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं, तर ते दातांचे डॉक्टर. ते छापखानेवाले. त्यांना सांगायचं कसं, की रिसबूडने ती फिल्म कधी सबंध बघितलीच नाही? सोमवारी दीडशे सभासदांत ही गोष्ट फिरली असती, आणि माझ्या पद्धतीवर सगळ्यात आधी तो पानखाऊ पिराजी हसला असता.

"टाकला," मी म्हणालो. "मघाशीच. हॉलच्या दाराशी पेटी होती."

मुनीरने माझ्याकडे बघितलं. हॉलपासून दुकानापर्यंत मी त्याच्याच बरोबर चालत आलो होतो. बॅग सबंध वेळ त्याच्याच हँडलला होती. चहा होईपर्यंत ती त्याच्याच पायाशी होती.

"बरं सर," तो म्हणाला. हँडलवरून बॅग काढली, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि सायकल वळवून परत गेला.

घाटांची फिल्म पुण्याला गेली आणि पहिल्याच फेरीत परत आली. चार वर्षांनी ते दुकान बंद झाल्याचं पिराजीकडून कळलं. तोवर त्याने आमचं काम सोडलं होतं. बाजारात भेटला तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, आणि मला मास्तर म्हणाला नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत विद्यार्थ्यांना फिल्म दोनदा बघायला सांगत राहिलो. पोरं इमानदारीने दोन गठ्ठे करत. मी भाबड्यांना बघून मनात हसत असे, आणि माझं वजन जिल्ह्यात वाढतच गेलं.

त्या दिवशी स्टेशनवर पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. पेटीसमोर मी बराच वेळ लिफाफा हातात धरून उभा राहिलो. फाडायला एक सेकंद पुरला असता. पण मी 'टाकला' असं म्हणून बसलो होतो, आणि रिसबूड सर खोटं बोलत नाहीत अशी माझी ख्याती होती. मी लिफाफा फटीतून आत सरकवला, तो तळाशी पडल्याचा आवाज कान देऊन ऐकला, आणि सांगलीची गाडी लागली होती तिकडे गेलो.